जुन्या डेस्कटॉप संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड : एक तांत्रिक विवेचन

१. प्रस्तावना

महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत, विभागांत व ग्रंथालयांत दहा-बारा वर्षांपूर्वी खरेदी केलेले अनेक डेस्कटॉप संगणक आजही कार्यरत असल्याचे दिसते. टंकलेखन, निकालपत्रके, ई-मेल यांसाठी ते पुरेसे ठरतात. परंतु भूगोल विभागाला नकाशांचे सॉफ्टवेअर वापरावयाचे असते, माध्यम अभ्यासक्रमाला चित्रफितींचे संपादन शिकवावयाचे असते किंवा संगणकशास्त्र विभागाला मशीन लर्निंगचे प्रात्यक्षिक घ्यावयाचे असते, तेव्हा या संगणकांची मर्यादा जाणवू लागते. नवीन संगणकांसाठी निधी नसल्यास ‘निदान ग्राफिक्स कार्ड तरी बसवावे’ असा प्रस्ताव पुढे येतो. हा प्रस्ताव काही वेळा अत्यंत योग्य असतो, तर काही वेळा त्यावरील खर्च पूर्णतः वाया जातो. या दोहोंतील फरक कार्डाच्या गुणवत्तेपेक्षा जुन्या संगणकाच्या क्षमतेवर अधिक अवलंबून असतो. म्हणूनच कार्डाची निवड कार्डापासून सुरू न करता संगणकापासून सुरू करावी, हे प्रस्तुत लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ग्राफिक्स कार्डाची गरज खरोखर आहे किंवा नाही हे ठरविण्याची पद्धत स्पष्ट करणे.
२) विद्युतपुरवठा, स्लॉट, कॅबिनेट व जोडण्या यांच्या मर्यादा समजावून घेणे.
३) प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे निवडीचा क्रम मांडणे.

३. ग्राफिक्स कार्डाचे कार्य

पडद्यावरील चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरल्यास एका पूर्ण चित्रासाठी सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे साधारण ८ मेगाबाइट स्मृती लागते. यावरून एक गोष्ट लक्षात येते. केवळ पडद्यावर चित्र दाखविण्यासाठी गिगाबाइटमध्ये मोजावी लागणारी स्मृती लागत नाही. ती लागते ती त्रिमितीय आकृत्या, त्यांच्या पृष्ठभागांचे तपशील, चित्रफितींच्या चौकटी किंवा मशीन लर्निंगमधील संख्यांचे संच साठविण्यासाठी. अशा कामांत एकच गणिती क्रिया लाखो घटकांवर एकाच वेळी करावयाची असते. मुख्य प्रोसेसरमध्ये थोडे पण अष्टपैलू गाभे असतात, तर ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये शेकडो किंवा हजारो साधे गाभे असतात. काम ज्या प्रमाणात समांतर असेल, त्या प्रमाणात ग्राफिक्स कार्डाचा लाभ होतो.

४. गरजेचे तीन प्रकार

संगणकाविषयीच्या तक्रारींचे तीन प्रकारांत वर्गीकरण करता येते.

पहिला प्रकार ‘सॉफ्टवेअर सुरूच होत नाही’ हा होय. ब्लेंडर या मुक्त त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या २०२३ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून ओपनजीएल ४.३ ची आवश्यकता आहे. इंटेलच्या तिसऱ्या पिढीतील प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स विंडोजवर ओपनजीएल ४.० पर्यंतच पोहोचते. येथे प्रश्न वेगाचा नाही. साधेसे कार्डही येथे बंद दार उघडते.

दुसरा प्रकार ‘सॉफ्टवेअर चालते, परंतु संथ चालते’ हा आहे. यात कारणाचा शोध महत्त्वाचा ठरतो. विंडोज १० व त्यापुढील प्रणालीतील टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि (ड्रायव्हर पुरेसा नवा असल्यास) ग्राफिक्स यांचा वापर टक्क्यांत दिसतो. काम चालू असताना डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर कार्डाऐवजी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हाच उपाय आहे. रॅम भरलेली असेल तर रॅम वाढवावी. प्रोसेसर शिगेला पोहोचलेला व ग्राफिक्स निवांत असेल, तर कार्डाने फारसा फरक पडणार नाही.

तिसरा प्रकार ग्राफिक्सशी संबंध नसलेल्या संथपणाचा आहे. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ, मोठ्या एक्सेल पत्रकातील विलंब, इंटरनेटची मंद गती ही याची उदाहरणे. येथे कार्डाचा खर्च निरर्थक आहे. चित्रफितींचा मात्र अपवाद करावा लागतो. संकेतस्थळांवरील अनेक चित्रफिती व्हीपी९ या पद्धतीने संकुचित केलेल्या असतात. जुन्या अंगभूत ग्राफिक्सला ती पद्धत उलगडता येत नसल्याने सर्व भार प्रोसेसरवर पडतो. जीटी १०३० सारखे लहान कार्डही हा भार स्वतःकडे घेते. त्याहून नव्या एव्ही१ पद्धतीसाठी मात्र जीटी १०३० किंवा जीटीएक्स १६५० उपयोगी पडत नाही.

५. प्रोसेसर आणि कार्ड यांचा समतोल

समजा, एका चौकटीची तयारी करण्यास प्रोसेसरला २० मिलिसेकंद आणि ती रंगविण्यास कार्डाला ३० मिलिसेकंद लागतात. दोन्ही कामे साखळीप्रमाणे एकापाठोपाठच्या चौकटींवर चालत असल्याने वेग संथ घटकावरून ठरतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ चौकटी. तिप्पट वेगवान कार्ड बसविल्यास कार्डाचा वेळ १० मिलिसेकंदांवर येईल. परंतु प्रोसेसरचे २० मिलिसेकंद कायम राहिल्याने वेग ५० चौकटींपुढे जाणार नाही. तिप्पट क्षमतेसाठी पैसे मोजून लाभ दीडपट मिळतो. जुन्या संगणकात अतिशय शक्तिशाली कार्ड बसविणे व्यवहार्य का नसते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

६. निवडीवरील तांत्रिक मर्यादा

६.१ विद्युतपुरवठा

पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक हवी असल्यास एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर जोडावी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट, तर आठ पिनांची जोडणी १५० वॅट देते. जुन्या कार्यालयीन संगणकांच्या एसएमपीएसमध्ये या जोडण्या बहुधा नसतात. शिवाय अशा संगणकांत मदरबोर्डची वीजजोडणी व एसएमपीएसचा आकार अनेकदा त्या कंपनीचाच असतो. त्यामुळे बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस त्यात बसत नाही. काही लहान आकाराच्या संगणकांत स्लॉटमधूनही ७५ वॅटपेक्षा कमी वीज दिली जाते, म्हणून निर्मात्याची तांत्रिक पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

एसएमपीएसवरील एकूण वॅटचा आकडा पुरेसा नाही. कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालते. लेबलवर १२ व्होल्टसाठी १८ अँपिअर असे लिहिले असल्यास १२ × १८ = २१६ वॅट एवढीच वीज त्या वाहिनीवर उपलब्ध असते, हे ध्यानात घ्यावे.

६.२ स्लॉट व त्याची पिढी

पीसीआय एक्स्प्रेसच्या प्रत्येक नव्या पिढीत वहनक्षमता जवळजवळ दुप्पट झाली. सोळा मार्गिकांच्या स्लॉटमधून एका दिशेने २.० पिढीत सेकंदाला ८ गिगाबाइट, ३.० पिढीत सुमारे १६ गिगाबाइट आणि ४.० पिढीत सुमारे ३२ गिगाबाइट माहिती वाहते. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालते, परंतु जुन्या वेगाने.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. सर्वच कार्डे सोळा मार्गिका वापरत नाहीत. २०२२ मधील रेडिऑन आरएक्स ६४०० हे कार्ड केवळ चार मार्गिका वापरते. ४.० पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट मिळतात; ३.० मध्ये ४ आणि २.० मध्ये केवळ २ गिगाबाइट. कार्डाची ४ गिगाबाइट स्मृती अपुरी पडून मुख्य रॅममधून माहिती आणावी लागते, तेव्हा ही अरुंद वाट अडसर ठरते. याउलट २०१९ मधील जीटीएक्स १६५० सोळा मार्गिका वापरते. म्हणजेच जुन्या संगणकात नवे कार्ड जुन्या कार्डापेक्षा चांगलेच चालेल, हे गृहीतक नेहमी खरे ठरत नाही. इंटेलच्या आर्क ए३८० या कार्डाबाबतही हेच दिसते. त्याची पूर्ण क्षमता मिळण्यासाठी मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही सुविधा लागते व ती जुन्या मदरबोर्डवर सामान्यतः नसते.

६.३ कॅबिनेट, बायोस व जोडण्या

अरुंद कॅबिनेटमध्ये निम्म्या उंचीचे कार्डच बसते. त्यासाठी लो प्रोफाइल आवृत्ती व तिची लहान पट्टी मागवावी लागते. मोजपट्टीने स्लॉटपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी आधीच मोजावी. जुना बायोस असलेल्या काही मदरबोर्डवर नवी कार्डे पडद्यावर काहीच दाखवीत नाहीत. यासाठी बायोस अद्ययावत करणे व विक्रेत्याकडून चाचणीची मुभा घेणे हिताचे असते.

वर्गखोल्यांतील अनेक प्रोजेक्टर व्हीजीए केबलवर चालतात. एनव्हिडियाच्या २०१६ मधील जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डांवर ॲनालॉग जोडणी राहिलेली नाही. अशा वेळी सक्रिय परिवर्तक विकत घ्यावा लागतो. हा खर्च दरपत्रक मागवितानाच धरावा.

७. एक उदाहरण

२०१२ मधील डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० हा मिनी टॉवर संगणक विचारात घेऊ. त्यात आय-५ ३४७० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ गिगाबाइट रॅम, हार्ड डिस्क व २७५ वॅटचा एसएमपीएस आहे, असे मानू. विभागाला त्यावर क्यूजीआयएस व ब्लेंडरची प्राथमिक प्रात्यक्षिके घ्यावयाची आहेत.

प्रोसेसरची कमाल गरज ७७ वॅट, कार्डाची ७५ वॅट आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांसाठी अंदाजे ५० वॅट धरल्यास बेरीज सुमारे २०० वॅट होते. ही २७५ वॅटच्या मर्यादेत बसते. तथापि त्याहून मोठ्या कार्डास वाव राहत नाही. म्हणून स्वतंत्र वीजजोडणी न लागणारी कार्डेच विचारात घ्यावीत. त्यांत जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ७५ वॅट), जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॅट) आणि आरटीएक्स ३०५० ची ६ गिगाबाइटची आवृत्ती (२०२४, ७० वॅट) येतात. पहिल्या दोन कार्डांच्या काही आवृत्त्यांना सहा पिनांची जोडणी लागते. तसेच ‘आरटीएक्स ३०५०’ या नावाचे ८ गिगाबाइटचे कार्ड १३० वॅटचे आहे. दरपत्रकात केवळ नाव लिहिल्यास निरुपयोगी वस्तू पदरी पडण्याची शक्यता राहते. जीटी १०३० च्या बाबतीत तर २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती आली. मूळ आवृत्तीत सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती वाहत असे. या आवृत्तीत ती १७ गिगाबाइटांच्याही खाली आली.

यापुढचा प्रश्न आयुर्मानाचा आहे. जीटीएक्स १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतील आहे, तिचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले; त्यानंतर केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणार आहेत. २०२५ मधील कुडा १३ मधून ही पिढी वगळण्यात आली. त्यामुळे मशीन लर्निंगच्या अध्यापनासाठी ते आज घेणे योग्य नाही. दुसरीकडे, सदर संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणजे कार्ड घेण्यापूर्वी संगणकावर लिनक्स वापरण्याचा निर्णय विभागाला करावा लागेल. क्यूजीआयएस व ब्लेंडर दोन्ही लिनक्सवर चालत असल्याने तो येथे शक्य आहे.

या सर्व बाबी लक्षात घेता प्रथम एसएसडी, नंतर आवश्यक तर रॅम आणि शेवटी जीटीएक्स १६५० अथवा ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० असा क्रम उचित ठरतो. यांपैकी दुसरे कार्ड या संगणकात पूर्ण वेगाने चालणार नाही. परंतु संगणक निर्लेखित झाल्यावर ते पुढील संगणकात बसविता येईल. कार्ड हे जुन्या यंत्रावरील शेवटचा खर्च न ठरता पुढील यंत्राची पहिली गुंतवणूक ठरावी, ही दृष्टी निर्णयास दिशा देते.

८. वापरलेल्या कार्डांची खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत वापरलेली कार्डे कमी किमतीत मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारी जुनी पद्धत सोडल्यानंतर दीर्घकाळ अखंड चाललेली अनेक कार्डे बाजारात आली. त्यांचे पंखे व उष्णतावाहक लेप तपासून घ्यावेत. जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमधून कार्डाची खरी ओळख पटविता येते. महाविद्यालयाच्या खरेदीत पावती व हमी अनिवार्य असल्याने, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवावयाच्या वस्तूसाठी नवे कार्डच सोयीचे ठरते.

९. निष्कर्ष

१) कामाचा अडथळा ग्राफिक्समध्येच आहे याची खात्री झाल्याशिवाय कार्ड खरेदी करू नये.
२) एसएमपीएस, स्लॉटची पिढी, कॅबिनेटची जागा व पडद्याची जोडणी या चार बाबी कागदावर लिहून काढल्यास योग्य कार्डांची यादी दोन-तीन नावांवर येते.
३) दरपत्रकात कार्डाच्या नावासोबत स्मृतीचा प्रकार व आकार, वॅट, उंची आणि वीजजोडणी यांचा उल्लेख असावा.
४) दहा संगणकांसाठी एकदम मागणी न नोंदविता प्रथम एका संगणकात कार्ड बसवून प्रत्यक्ष प्रात्यक्षिक घ्यावे.
५) संगणकाची दुरुस्ती व्यवहार्य नसेल, तर ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत संस्थेकडेच तो सुपूर्द करावा.

विभागाच्या मर्यादित निधीतून एक चुकीचे कार्ड घेतले गेल्यास तेवढ्याच रकमेत दोन-तीन संगणकांना मिळू शकणारी एसएसडी हातची जाते आणि त्या संगणकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रात्यक्षिकाचा तास पूर्ववत संथच राहतो. कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरील लेबल वाचण्यास लागणारी दहा मिनिटे ही या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत मोलाची ठरतात.