कमरेचे शस्त्र

खांद्याला बंदूक अडकवून मोटरसायकलवरून चाललेला गृहस्थ दिसला, की पुण्याहून आलेले आमचे पाहुणे थबकून पाहतात. आम्हां ग्वाल्हेरकरांची मान वळतही नाही. चंबळेच्या या मुलखात शस्त्राचा परवाना अनेक घरांत जमिनीच्या खसऱ्याइतकाच जपून ठेवलेला असतो. २०१९ साली येथील जिल्हाधिकाऱ्यांनी, परवाना हवा असेल तर आधी दहा झाडे लावा, असा दंडक घातला होता. वृक्षारोपणासाठी याहून खात्रीचे आमिष या प्रदेशात शोधूनही सापडले नसते.

अशा गावी कित्येक पिढ्या काढूनही आमच्या घरात शस्त्र असे एकच येऊन गेले, आणि त्याची आठवण चांगली नाही. तिच्याकडे आम्ही पुढे येऊच. आज हा विषय घेण्याचे निमित्त आमचा भाचा. मेहुणे गेल्यानंतर झाशी रस्त्यावरील पेट्रोल पंपाचा कारभार त्याच्या अंगावर पडला. रोजची रोकड, बँकेला लागून सुट्ट्या आल्या म्हणजे दोन-तीन दिवसांचा भरणा, आणि रात्री अकराला एकट्याने परतणे. एकदा पंपावरून घरी निघालेल्या एका कामगाराला दोघांनी अडवले; मार बसला, पैसे गेले. त्यानंतर भाच्याने अर्ज केला. पोलिसांची चौकशी झाली, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला मिळाला, आणि यथावकाश परवाना हाती आला. मग एका रविवारी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “मामा, दुकानात तुम्ही बरोबर चला. कमरेला रोज लावायचं आहे, कोणतं घ्यावं ते ठरवू.” त्याच्या मागोमाग ताईचा निरोप आला. “त्याला काय घ्यायचं ते घेऊ दे. नातीच्या हाताला लागणार नाही, एवढं तू बघ.”

या दोन विनंत्या वेगळ्या आहेत असे प्रथम आम्हांलाही वाटले. दुकानाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्या एकच आहेत हे कळून आले.

आपल्या देशात सामान्य नागरिकाला निवडीस वाव थोडा. .३८ किंवा ९ मिलिमीटर यांसारखी लष्कर-पोलिसांची काडतुसे ज्यांत चालतात ती शस्त्रे निषिद्ध वर्गात मोडतात. कमरेच्या शस्त्रासाठी उरते ते मुख्यतः आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’ म्हणतात ते, म्हणजे .३२ चे, आणि त्याचे धाकटे भावंड .२२. काडतुसांबद्दल एक गंमत आमच्या वाचकांना आवडेल. दुकानदाराने दाखविलेल्या बत्तीसच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे कोरलेली होती. भाच्याला वाटले ही कानपूरची खूण. वस्तुतः ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. महाराष्ट्रातून आमच्याकडे भडंग आणि दिनदर्शिका येतात हे ठाऊक होते. हेही येते हे त्या दिवशी समजले.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा तरुणांचा आवडता वाद. पिस्तूल चपटे असल्यामुळे कपड्याखाली झाकते, हे खरे. पण ज्या घरात मुले आहेत आणि सराव बेताचाच होणार आहे, त्या घरासाठी आमचे मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. सहा घरांचा जो फिरता गोल असतो त्याला सिलिंडर म्हणतात (घरातील स्त्रियांनी हा शब्द ऐकून गॅसची चौकशी केली, ती वेगळी). तो उघडला की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात; शस्त्र भरलेले की रिकामे, याविषयी संशय उरत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक काडतूस बसलेले राहू शकते, आणि “रिकामेच आहे” असे म्हणत कोणीतरी चाप ओढतो. शिवाय एखादे काडतूस उडाले नाही, तर रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढल्यावर पुढचे घर आपोआप नळीसमोर येते. हा चाप चांगलाच जड, पाच किलोच्या आसपास जोर मागणारा असतो. भाच्याने नाक मुरडले. आम्हांला मात्र तो दोष वाटला नाही. घाईत, भीतीने आखडलेल्या बोटाला तेवढा विरोध असलेला बरा.

दुकानात समोर आलेले प्रकार चार. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुने बत्तीस, जुन्या विलायती वेब्लीच्या धाटणीचे, मधून मोडून उघडणारे, वजनाला सुमारे ७०० ग्रॅम. कानपूरचेच २०१४ साली आलेले ‘निर्भीक’. दिल्लीतील २०१२ च्या त्या भीषण घटनेनंतर, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल म्हणून, टिटॅनियमच्या मिश्रधातूचे केलेले; वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि बाजारात आले तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला रात्री बसची वाट पाहत उभे राहावे लागते तिला हा सव्वा लाख कोठून परवडावा, हा प्रश्न तेव्हाच अनेकांनी विचारला होता. तिसरे २०२३ चे ‘प्रबळ’. यात सिलिंडर बाजूला झुलतो, शस्त्र मधून मोडावे लागत नाही. नळी तीन इंचांची, वजन पुन्हा ७०० ग्रॅमच्या जवळपास. चौथे .२२ चे ‘निडर’, जेमतेम अडीचशे ग्रॅमचे. हे हातात घेताच भाच्याचा चेहरा खुलला, पण त्याची गोळी फारच लहान आणि मूठही त्याच्या पंजात हरवत होती. ते बाजूला ठेवले.

राहिला वजनाचा प्रश्न. दुकानात शस्त्र दोन मिनिटे हातात धरून वजन कळत नाही. म्हणून आम्ही भाच्याला घरी नेले. एका कापडी पिशवीत पाऊण किलो तुरीची डाळ शिवून ती त्याच्या पट्ट्याला उजव्या बाजूस बांधली व सांगितले, “आठ दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत हे कमरेला ठेव. पंपावर, गाडीत, जेवताना.” त्याला ते पोरकट वाटले असावे, पण मामांचा शब्द मोडवेना. पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही सहज पंपावर गेलो, तर डाळीची पिशवी कचेरीतल्या टेबलावर, पावती-पुस्तकाशेजारी पडलेली. भाचा बाहेर टँकर उतरवून घेत होता.

आम्ही काही बोललो नाही. पिशवीकडे नुसते पाहिले. त्याचे तोंड उतरले.

शस्त्र जड होते म्हणून माणूस ते काढून ठेवतो. टेबलावर, गाडीच्या कप्प्यात, उशीखाली. तेथून ते चोराच्या किंवा मुलाच्या हाती जायला वेळ लागत नाही. भाच्याला शस्त्र हवे ते वाटेवरच्या पाच-दहा मिनिटांसाठी. उरलेला सगळा दिवस ते त्याला वागवायचे आहे. निवड त्या दिवसासाठी करायची.

तरीही दोष डाळीचा नव्हता, पट्ट्याचा होता. दुकानांतून मिळणारे तयार पट्टे पँट सावरण्यापुरते. त्यांना पाऊण किलो लावले की ते पिळवटतात, ओझे बाहेर कलंडते आणि कंबर धरते. आम्ही दौलतगंजातील एका ओळखीच्या चर्मकाराकडून दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा पट्टा करून घेतला. तेच वजन अंगाशी बसले आणि पुढचे आठ दिवस भाच्याने ते खरोखर काढले नाही. त्याच कारागिराने म्यान केले. म्यानाविषयी आमचा हट्ट होता, आणि त्याला कारण ती जुनी आठवण.

१९७१ चा उन्हाळा. बागी मंडळींनी जयप्रकाशजींसमोर जौरा येथे शस्त्रे ठेवली ती पुढच्या वर्षी, १९७२ च्या एप्रिलात. तोवर रात्रीचा प्रवास करणारा कोणीही निर्धास्त नसे. आमचे काका जंगलाची ठेकेदारी करीत. त्यांनी एक जुने विलायती रिव्हॉल्व्हर घेतले होते, पण म्यान घेतले नाही. शस्त्र नुसते कमरेत खोचत. एके सकाळी अंगणात तुळशीपाशी वाकले असताना ते सटकले व फरशीवर नेमके घोड्यावर आपटले. बार झाला. न्हाणीच्या दाराशी पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ होते. गोळी त्याच्या आरपार गेली. घंगाळापलीकडे आमची चार वर्षांची चुलत बहीण कडेवरची बाहुली न्हाऊ घालीत बसली होती. तिला काही झाले नाही. काकांनी त्याच दुपारी ते शस्त्र ठाण्यात जमा केले. घंगाळाला डाग लावून घेतला आणि ते पुढे कित्येक वर्षे वापरात होते. मात्र त्यानंतर काकूंनी त्यातले पाणी कधी अंगावर घेतले नाही.

म्हणून दुकानदाराला आमचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. शस्त्र घोड्यावर पडले तर काडतूस उडू नये अशी अडसर-योजना आत आहे का, ती दाखवा, असे आम्ही म्हटले. वारशाने आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती बहुधा नसते. अशा शस्त्रात घोड्याखालचे घर रिकामेच ठेवावे, पाच काडतुसांवर भागवावे. म्यान असे हवे की चाप पूर्ण झाकला जाईल, तोंड शस्त्र बाहेर काढल्यावरही मिटणार नाही आणि वरून बंद असेल. भाचा बहुधा कुर्ता घालतो. घोड्याचे टोक कापडात अडकते, तेही बंदाने झाकले गेले. रात्री मात्र शस्त्र म्यानात ठेवू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, चामडे घाम पिते आणि पोलादाला एका ऋतूत गंज धरतो. कोरड्या फडक्याने पुसून, किंचित तेलाचा हात फिरवून, वेगळ्या पेटीत ठेवावे.

कायद्याचे थोडे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानात, अंगाशी आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे. लोकांना दिसावे म्हणून मिरवणे हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नाच्या वरातीतील हौशी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठरविले आहे. परप्रांतातील आपल्या मराठी घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते मध्य प्रदेशापुरते असेल तर जेजुरीला कुलदैवताच्या दर्शनास निघताना कमरेचे शस्त्र घरी, पेटीत कुलूपबंद, किंवा रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवूनच निघावे. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो, त्याचाही कंटाळा करू नये.

शेवटी भाच्याने बाजूला उघडणारे ते तीन इंची नळीचे बत्तीस घेतले. निर्भीक दोनशे ग्रॅमने हलके होते. पण पट्ट्याने वजनाचा प्रश्न सोडविल्यावर त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत असे त्याला वाटले नाही, आणि जड शस्त्र हातात कमी उसळते, हेही खरे. भिंतीत बसविलेली लोखंडी पेटी शस्त्रासाठी, दुसऱ्या खोलीतील कपाटाचा चोरकप्पा काडतुसांसाठी. दोन्ही किल्ल्या त्याच्याच गळ्यात. महिन्यातून दोन रविवार तो रायफल क्लबात जातो. पहिल्या दिवशी दहा पावलांवरच्या पुठ्ठ्याला सहापैकी दोनच लागल्या, हे त्याने स्वतः सांगितले.

यंदा खंडेनवमीला ताईने पाट मांडला. मेहुण्यांची वहीखाते, पंपाची मोजमापे, कात्री, विळी, आणि त्यांच्या शेजारी ते रिव्हॉल्व्हर, सिलिंडर बाजूला उघडलेला, सहाही घरांतून पाटाचे लाकूड दिसत होते. भाच्याने आधीच बजावले होते की हळदकुंकू पोलादाला लावायचे नाही, नळीत जाते आणि गंजते. ताईने ते म्यानाला लावले. नात पाटाजवळ येऊन बसली, फुले वाहिली, आणि विळीपासून जशी दूर सरकते तशीच त्याच्यापासूनही एक हात दूर सरकली.