पाणवठ्यातली सूक्ष्मसृष्टी – लेखांक 7 : डायटमची खोली फोटोत कशी पकडायची?

वैनगंगेच्या काठच्या दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर खरवडून, हायड्रोजन पेरॉक्साइडने स्वच्छ करून गेल्या आठवड्यात आपण डायटम या सूक्ष्म शैवालांची स्लाइड तयार केली. भंडारा जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलावही गावोगावी आहेत, त्यामुळे नमुन्यांची ददात नाही. खरी अडचण फोटो काढताना येते. 100 पटीच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हखाली एक कडा स्पष्ट दिसली की दुसरी धूसर होते.

डायटमचे कवच म्हणजे घट्ट झाकणाचा, सिलिकाचा डबा. त्याला जाडी असते, उंचसखलपणा असतो. आणि हे ऑब्जेक्टिव्ह एका वेळी जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचाच थर स्पष्ट दाखवते. कंडेन्सरचा डायफ्रॅम मिटला तर ही जाडी थोडी वाढते, पण कवचावरच्या बारीक रेषा पुसट होतात.

गोड्या पाण्यात सर्रास सापडणारा सायक्लोटेला मेनेघिनियाना पाहा. वरून तो गोल चकतीसारखा दिसतो. मधला भाग मात्र एका बाजूला उचललेला आणि दुसऱ्या बाजूला दबलेला असतो. फाइन स्क्रू हळूच फिरवला की अर्धा मध्यभाग स्पष्ट होतो आणि उरलेला विरतो. आणखी फिरवला की उलट. कोल्हापूर परिसरातल्या डायटमवर काम करणारे एच. पी. गांधी किंवा 1984 मध्ये महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातील डायटमवर ग्रंथ लिहिणारे सरोदे आणि कामत यांच्या पिढीला हे सगळे थर डोळ्यांनी टिपून एका रेखाचित्रात उतरवावे लागत. आज ते काम फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या थरांचे फोटो जोडण्याचे तंत्र, करते.

कॅमेरा किंवा मोबाइल आयपीसवर पक्का बसवा आणि एक्स्पोजर लॉक करा. सगळ्यात वरच्या पातळीपासून अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतराने फोटो घेत खाली या. 10 मायक्रोमीटर खोलीला साधारण 20 फोटो लागतात. फाइन स्क्रूवरची एक खूण किती मायक्रोमीटरची, हे आधी पाहून घ्या. स्क्रू एकाच दिशेने फिरवा. मागेपुढे केलात तर यंत्रातल्या ढिलाईमुळे अंतर चुकते. पिकोले हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून एक चित्र बनवते. लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचे त्रिमित चित्रही त्यातून मिळते.

एक सावधगिरी हवी. कवच पारदर्शक आहे. डब्याच्या दोन भागांचे, म्हणजे वरच्या आणि खालच्या झडपेचे, फोटो एकत्र घातले तर दोन्हींच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि प्रत्यक्षात नसलेली जाळी उमटते. त्यामुळे सुटी झालेली एकच झडप निवडा.

जोडलेला फोटो देखणा दिसतो, पण कोणता भाग किती खोलीवर होता हे तो सांगत नाही. ती माहिती मूळ फोटोंच्या क्रमात असते. म्हणून ते पुसू नका. पाणवठ्याचे नाव, तारीख आणि दोन फोटोंमधले अंतर लिहून सगळे एकत्र जपून ठेवा.