बेण्याआधी माती, बाळाआधी माता



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. आज घरातल्या सुनेच्या ताटाविषयी लिहीत आहे. त्याला कारण घडले.

मागे चिखली तालुक्यातील एका सभासदाकडे मातीचा नमुना घ्यायला गेलो होतो. त्यांची सून 5 महिन्यांची गरोदर. चार पायऱ्या चढली तरी धाप लागत होती. दवाखान्यात हिमोग्लोबिन 8 भरलेले. गरोदरपणी ते किमान 11 हवे. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, जास्त खाल्लं तं लेकरू मोठं होईन अन् बाळंतपण जड जाईन." त्या घरात मातीचा जुना अहवाल फडताळात जपून ठेवलेला होता. सुनेच्या रक्ताचा कागद मात्र कुणाला सापडेना.

पुण्याजवळच्या 6 खेड्यांत 1993 पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर मातांचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाजी, फळे व दूध अधिक घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. निम्म्याहून अधिक मातांच्या अंगात बी-12 जीवनसत्त्व कमी होते. हे दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून मिळते. म्हणजे माळकरी घरात दूध-दही सुनेच्या वाटणीला आलेच पाहिजे. सगळेच दूध डेअरीला घालू नका.

मुंबईच्या वस्त्यांत 2006 ते 2012 या काळात सुमारे साडेसहा हजार स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून रोज खाऊ दिला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळ व दूध होते, काहींच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. पालेभाजीवाल्या गटात गरोदरपणीचा मधुमेह कमी आढळला. निदान 3 महिने आधी सुरुवात केलेल्यांची बाळे वजनाने थोडी अधिक भरली. मात्र फार कृश स्त्रियांच्या बाळांचे वजन त्याने वाढले नाही. मला त्यातून एवढे उमजले, की सगळ्यांना एकच डोस लागू पडत नाही. हलक्या रानाला आणि काळ्या रानाला आपण तरी एकच खत कुठे देतो?

म्हणून आधी तपासणी. वजन, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहून डॉक्टर किंवा आरोग्यसेविका सांगतील तसे खाणे ठेवा. कृश असेल तिला आधी पोटभर भाकरी, वरण, शेंगदाणे. साखर वाढली असेल तिला गोड कमी. मी साखर कारखान्याचा माणूस असून हे सांगतो. रक्त कमी असेल तिला मेथी, शेवग्याचा पाला, डाळी आणि लोहाची गोळी. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण गोळीची जागा गूळ घेत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

दुसरी गोष्ट वेळेची. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी पहिल्या 4 आठवड्यांतच मिटते. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मुलाचा विचार केल्यापासूनच, डॉक्टरांना विचारून सुरू करावी. पहिला डोस सरीत आधी पडतो, कोंब नंतर दिसतो, तसेच हे. मूल राहत नसेल तर दोघांचीही तपासणी करा. तंबाखू व दारूने पुरुषाचे बीजही बिघडते. दोष एकट्या सुनेवर टाकू नका.

सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. पात्र मातेला पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत 5,000 रुपये मिळतात. आशाताईकडे नाव नोंदवा. आपल्या फडात कोयता चालवणारी बाई गरोदर असेल, तर तिलाही आशाताईंपर्यंत पोहोचवा. ऊस आपला आहे, तर तिची काळजीही आपली.

त्या सुनेला पुढे गोळ्या, अंडी, दूध सुरू झाले. सासूबाईंनीच मनावर घेतले. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन 11 वर आले, मुलगी झाली, बाळंतपण अडले नाही. आपला जिल्हा जिजाऊंचा. इथे तरी घरच्या माउलीचे ताट शेवटी वाढले जाऊ नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी