गिटारचं पोट का फुगलं?

दोस्ता, एक कोडं घालू? अशी कुठली गिटार आहे, जिच्या सगळ्या तारा एकदम काढल्या की तिचा एक भाग टपकन खाली पडतो?

आर्चटॉप गिटार!

नेहमीच्या गिटारचं पोट सपाट असतं आणि मधोमध गोल भोक असतं. आर्चटॉपचं पोट मात्र व्हायोलिनसारखं टम्म फुगलेलं! भोकंही व्हायोलिनसारखीच, दोन, लांबट आणि वळणदार. आणि तारा जिच्यावर टेकतात ना, ती लाकडी घोडी बहुतेक वेळा चिकटवलेलीच नसते! तारा तिला वरून दाबून धरतात, बस्स. म्हणून तर या गिटारच्या तारा एकेक करून बदलतात.

पण पोट फुगवायचं कशाला? करूनच बघ. दोन पुस्तकांमध्ये थोडं अंतर ठेव. त्यावर जाड कागदाची पट्टी आडवी टाक आणि मध्ये खोडरबर ठेव. वाकली ना? आता तीच पट्टी कमानीसारखी वाकवून दोन्ही पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसव. ठेव खोडरबर. पेललं की!

तारा घोडीला दिवसरात्र खाली रेटत असतात. कमान असली की पातळ लाकूडही तो दाब सोसतं. आणि लाकूड पातळ, म्हणजे थरथर झकास, म्हणजे आवाज खणखणीत!

तसा आवाज हवाच होता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जॅझच्या वाद्यवृंदात ट्रंपेट आणि ड्रमपुढे बिचारी गिटार ऐकूच यायची नाही. 1922 साली गिब्सन कंपनीनं एल-5 ही गिटार काढली. फुगीर पोट आणि व्हायोलिनसारखी भोकं, दोन्ही एकत्र!

आता खरी जादू. हे पोट फळी वाकवून करत असतील, असं वाटतं ना? स्वस्त गिटारमध्ये करतातही. पण उत्तम कारागीर ते चक्क कोरून काढतो! न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर 1932 पासून जॉन डी'अँजेलिको यांचं छोटंसं दुकान होतं. ते आधी व्हायोलिन आणि मँडोलिन बनवायला शिकलेले. अशा दुकानात स्प्रूस नावाच्या झाडाची जाडजूड फळी घ्यायची आणि छिन्नीनं तासायची. मग हातात येतो रंधा. केवढा? बोटाएवढा! शेवटी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरतं. बाकी सगळं ढलप्या होऊन जमिनीवर!

मध्येच कारागीर थांबतो. फळी कानाजवळ धरतो आणि बोटानं टकटक वाजवतो. बाजारात कलिंगड घेताना आजी टिचकी मारून ऐकते ना, अगदी तसंच! आवाज बद्द आला? मग अजून थोडं खरवडायचं. पण जपून हं! जास्त निघालेलं लाकूड परत लावता येत नाही. कुठे थांबायचं, हे कान सांगतो. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं!

हे शिकायला 1952 च्या सुमारास जिमी डी'अक्विस्टो नावाचा मुलगा त्या दुकानात शागीर्द म्हणून आला. 1964 मध्ये गुरू गेले, तेव्हा त्यानंच काम पुढे नेलं आणि स्वतः नामवंत झाला.

पुढे गिटारला वीज जोडली आणि नवीच पंचाईत झाली! स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळ पोटात शिरायचा, लाकूड पुन्हा थरथरायचं, तेच पुन्हा स्पीकरमधून बाहेर यायचं. कुंऽऽई! ब्लूज संगीताचे बादशहा बी. बी. किंग यांनी काय केलं असेल? भोकांत चक्क कापडाचे बोळे कोंबले! 1980 मध्ये गिब्सननं त्यांच्यासाठी 'ल्युसील' गिटार काढली, तिला तर वरची भोकंच ठेवली नाहीत.

आणि ही आर्चटॉप आपल्याकडेही आली बरं का! जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा घडवली. त्यांना 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ते मोहनवीणा मांडीवर आडवी ठेवतात आणि धातूची कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. साध्या गिटारला तारा सहा. मोहनवीणेला किती, सांग बघू?

वीसच्या आसपास!