मॅगलोनच्या बिशपांची चौकोनी नाणी

मध्ययुगीन युरोपात नाणी पाडण्याचा अधिकार केवळ राजांकडे नव्हता. अनेक बिशप व मठाधिपती आपापल्या प्रदेशाचे ऐहिक शासकही असत, आणि टाकसाळ हे त्यांच्या उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन होते. अशा नाण्यांवर सामान्यतः क्रूस, संताची प्रतिमा किंवा बिशपची आकृती आढळते. दक्षिण फ्रान्समधील मॅगलोन येथील बिशपांचा प्रकार मात्र या नियमास विलक्षण अपवाद ठरतो.

मॅगलोन हे माँपेलिएनजीकचे, भूमध्य समुद्राच्या काठावरील धर्मपीठ. शेजारच्या मेल्गेय परगण्याचे स्वामित्व पोप तिसरा इनोसंट याने १२१५ मध्ये या पीठाच्या बिशपास दिले, व त्याबरोबर तेथील टाकसाळही त्याच्या हाती आली. या टाकसाळीतील हीणयुक्त चांदीचे ‘देनिए’ लांग्दॉक प्रांतात सर्वत्र चालत. परंतु तेराव्या शतकात तेथे आणखी एक नाणे पाडले जाऊ लागले. त्याचे नाव ‘मिलारेस’.

मिलारेस म्हणजे उत्तर आफ्रिका व स्पेन यांवर राज्य करणाऱ्या अल्मोहाद घराण्याच्या दिरहमची नक्कल. मूळ दिरहम उत्तम चांदीचा, चौकोनी व वजनाने सुमारे दीड ग्रॅम असे. त्याच्या एका बाजूवर अल्लाच्या एकत्वाची घोषणा असून दुसऱ्या बाजूवर ‘अल्ला आमचा प्रभू, मुहम्मद आमचा प्रेषित, महदी आमचा इमाम’ या अर्थाचा अरबी लेख असे. हाच लेख ख्रिस्ती धर्मगुरूच्या टाकसाळीतून बाहेर पडू लागला.

याचे कारण व्यापारात शोधावे लागते. मगरिबच्या बाजारपेठांत चांदीस मोठी मागणी होती आणि युरोपीय व्यापारी ती तेथे नेत. तेथील लोकांच्या परिचयाचे नाणे हाती असले, म्हणजे व्यवहार सुलभ होई. शिवाय नाणी पाडण्याच्या प्रत्येक व्यवहारात टाकसाळीच्या स्वामीस आपला हिस्सा मिळे.

तथापि १२६६ मध्ये पोप चौथा क्लेमेंट याने या प्रकाराबद्दल बिशप बेरांजे द फ्रेदोल यास कठोर शब्दांत दोष दिला. ज्या पोपपदाने परगणा दिला, त्याच पदावरून हा ठपका आला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हा वाद सर्वस्वी नवा नव्हता. पॅलेस्टाइनमधील क्रूसवीरांनी पाडलेल्या इस्लामी धर्तीच्या नाण्यांवरही पोपपदाकडून आक्षेप आला होता. तेथे १२५१ पासून लिपी अरबीच ठेवून तीत ख्रिस्ती धर्मवचने घालण्याची तडजोड निघाली. म्हणजे आक्षेप लिपीस किंवा भाषेस नव्हता, आशयास होता.

नाणकशास्त्राच्या दृष्टीने मिलारेस ओळखणे हे कठीण काम आहे. मूळ अल्मोहाद दिरहमांवर बहुधा राजाचे नाव व वर्ष नसते; अनेकांवर टाकसाळीचेही नाव आढळत नाही. त्यामुळे अक्षरांचे वळण हाच पुष्कळदा मुख्य आधार उरतो. अरबी न जाणणाऱ्या कारागिराच्या हातून अक्षरे मोडतात, जागा सोडतात किंवा केवळ रेघा होऊन राहतात. परंतु चांगल्या ठशांच्या नकलांबाबत हा आधारही अपुरा पडतो.

नाण्यावरील लेखावरून ते पाडणाऱ्याचा धर्म किंवा देश ठरविण्याची घाई अभ्यासकाने का करू नये, हे या चौकोनी नाण्यांवरून स्पष्ट होते. येथे लेख एका धर्माचा, टाकसाळ दुसऱ्या धर्माच्या अधिकाऱ्याची, आणि चांदीस मात्र बाजाराचीच आज्ञा प्रमाण होती.