आधी काय दिसलं, त्याआधी काय पाहिलं?

तरुणी दिसली तर तुम्ही आशावादी, म्हातारी दिसली तर विचारी. असला मजकूर जोडलेलं एखादं चित्र व्हॉट्सअॅपवर फिरत असतंच. घरच्या ग्रुपवर मामा, आत्या, भाचरं सगळे आपापलं उत्तर टाकतात आणि खाली लिहिलेला ‘स्वभाव’ मान्यही करून टाकतात. अशा द्व्यर्थी चित्रांवर शंभराहून अधिक वर्षं संशोधन चाललंय. त्यातून समोर आलेली गोष्ट या स्वभावचाचणीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

गैरसमज : आधी जे दिसतं, त्यावरून स्वभाव कळतो.

ते चित्र जरा जवळून पाहा. तरुणीने तोंड पलीकडे वळवलंय. तिच्या गालाची आणि हनुवटीची जी रेघ, तेच म्हातारीचं लांब नाक. तरुणीचा कान म्हणजे म्हातारीचा डोळा आणि तरुणीच्या गळ्यातली पट्टी म्हणजे म्हातारीचे मिटलेले ओठ. डब्ल्यू. ई. हिल या व्यंगचित्रकाराने काढलेलं हे चित्र 1915 मध्ये ‘पक’ या अमेरिकन साप्ताहिकात छापून आलं. त्याचाच जुना अवतार 1888 च्या एका जर्मन पोस्टकार्डावर सापडतो.

रॉबर्ट लीपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1935 मध्ये या चित्राच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरल्या. एकीत फक्त तरुणी दिसेल, दुसरीत फक्त म्हातारी. काहींना पहिली दाखवली, काहींना दुसरी आणि मग सगळ्यांसमोर मूळ चित्र ठेवलं. आधी तरुणी पाहिलेल्या सगळ्यांना तरुणीच दिसली. म्हातारी पाहिलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांना म्हातारी दिसली. दोन्ही गटांत आशावादी असतील, चिंतातुर असतील, भांडकुदळही असतील. निकाल ठरवला तो थोड्या वेळापूर्वी पाहिलेल्या चित्राने.

1961 मध्ये बुगेल्स्की आणि अलामपे या संशोधकांनी अशाच दुसऱ्या चित्रावर प्रयोग केला. त्यातल्या मोजक्या रेघांत चष्मा लावलेला टकलू माणूसही आहे आणि उंदीरही. चष्म्याची दोन भिंगं म्हणजे उंदराचे कान. ज्यांना आधी प्राण्यांची चित्रं दाखवली त्यांचा कल उंदराकडे गेला आणि ज्यांना माणसांचे चेहरे दाखवले त्यांचा माणसाकडे. अगोदर दाखवलेली चित्रं जितकी जास्त, तितका हा कल वाढला.

सशा-बदकाच्या प्रसिद्ध चित्राची गोष्ट तर फारच गोड आहे. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात दोन संशोधकांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं. एकदा ईस्टरच्या रविवारी आणि एकदा ऑक्टोबरमधल्या रविवारी. ईस्टरला तिकडे जिकडेतिकडे ससे असतात. त्या दिवशी बहुतेकांना चित्रात ससा दिसला आणि ऑक्टोबरमध्ये बहुतेकांना पक्षी.

गैरसमज : आधी नुसतं सांगून ठेवलं, तरी तेवढाच परिणाम होतो.

लीपरने हेही तपासलं होतं. काही जणांना त्याने चित्र न दाखवता नुसतं तोंडी वर्णन ऐकवलं. त्याचा परिणाम जवळपास शून्य. वर्णन न ऐकलेल्या लोकांना जे दिसायचं, तेच यांनाही दिसलं. कानावर पडलेलं वर्णन काही डोळ्याखालून गेलेल्या चित्राची जागा घेत नाही.

गैरसमज : एक बाजू जितका वेळ पाहू, तितकी ती डोक्यात पक्की बसते.

थोडा वेळ पाहिलं, तर खरंच तीच बाजू पुन्हा दिसते. पण एकाच बाजूकडे दोन-अडीच मिनिटं टक लावून पाहायला लावलं, तर पुढच्या द्व्यर्थी चित्रात उलट दुसरीच बाजू उमटते. एकाच आकृतीवर सतत काम करून मेंदूतली त्यासाठीची यंत्रणा मंदावते आणि दुसरीला वाव मिळतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे ‘आधीचा अनुभव’ एवढंच म्हणून भागत नाही, तो किती वेळाचा होता हेही पाहावं लागतं.

गैरसमज : नर्तिका उजवीकडे फिरताना दिसली, तर तुमचा उजवा मेंदू प्रबळ.

याला शास्त्रीय आधार नाही. गिरकी घेणाऱ्या नर्तिकेची ही हलती आकृती नोबुयुकी कायाहारा या जपानी वेब डिझायनरने 2003 मध्ये बनवली. ती नुसती सावली आहे, खोलीचा काहीच खुलासा त्यात नाही. वस्तू वरच्या बाजूने पाहायची आपल्याला सवय असते, त्यामुळे बहुतेकांना ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसते.

गैरसमज : दुसरी बाजू दिसत नाही म्हणजे बुद्धी कमी.

तीन-चार वर्षांच्या मुलांना चित्रात दोन गोष्टी आहेत हे सांगितलं नाही, तर ते चित्र त्यांच्यापुढे आपोआप पालटत नाही. मोठ्या मुलांचंही फार वेगळं नाही. 1977 मधल्या एका प्रयोगात हायस्कूलच्या मुलांना आधी कल्पना दिली नव्हती, तर जवळपास निम्म्यांना एकच बाजू दिसत राहिली.

गैरसमज : अशा वेळी आपले डोळे आपल्याला फसवतात.

मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. चित्रातच दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, त्यामुळे डोळ्यांकडून येणारी माहिती अपुरी पडते. ती भरून काढायला मेंदू ताज्या आठवणीचा आधार घेतो आणि ही खोड शहाणपणाची आहे. आसपासचं जग क्षणाक्षणाला बदलत नसतं. फिशर आणि व्हिटनी या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की साध्या तिरप्या रेघांचा कलसुद्धा आपल्याला काही सेकंदांपूर्वी पाहिलेल्या रेघांकडे झुकलेला दिसतो. मेंदू मागचा क्षण हाताशी ठेवूनच पुढचा वाचतो.

म्हणून मुलांना ही चित्रं जरूर दाखवा. काय दिसलं हे विचारा आणि त्याआधी काय पाहत होता हेही विचारा. फक्त उत्तरावरून त्यांच्या स्वभावाला किंवा हुशारीला नाव देऊ नका.