झोपताना, झोपेत की उठताना?

लॅपटॉपचं झाकण मिटलं, तासाभराने उघडलं, तर पडदा काळा. कोणतंही बटण दाबा, प्रतिसाद नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि यंत्र पहिल्यापासून सुरू करायचं. अर्धवट लिहिलेलं पत्र, भरत आणलेला फॉर्म, सगळं गेलेलं. ही तक्रार घेऊन दुकानात गेलं की बऱ्याच ठिकाणी एकच उपाय ऐकायला मिळतो: फॉरमॅट मारून टाकू. त्याने कधीकधी काही दिवस बरं चालतं. मग तोच सदोष ड्रायव्हर अपडेटबरोबर परत येतो आणि तक्रारही परत येते. मला हे फार खटकतं, कारण संगणकाच्या इतर दुखण्यांच्या मानाने हे दुखणं शोधायला सोपं आहे. झोपण्याच्या आणि उठण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि यंत्र कोणत्या पायरीवर कोसळलं याच्या खुणा बहुतेक वेळा मागे राहतात. काय बिघडलं याच्या आधी केव्हा बिघडलं, हे विचारलं की अर्धं काम होतं.

या पायऱ्या ठरवणारा नियमसंच म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी तो डिसेंबर १९९६मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झोपेच्या अवस्थांना क्रमांक आहेत. आपण ज्याला स्लीप म्हणतो ती परंपरेने एस-३. तिच्यात प्रोसेसर, डिस्क, पडदा यांचा वीजपुरवठा तुटतो. फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. झोपेत हे काम रॅमच्या चिप स्वतःच करतात. हायबरनेट म्हणजे एस-४. तिथे रॅममधला मजकूर डिस्कवरच्या एका फाईलमध्ये उतरवला जातो आणि यंत्र जवळपास पूर्ण बंद होतं. विंडोजमध्ये या फाईलचं नाव हायबरफिल.सिस, विंडोज १०मध्ये तिचा आकार सहसा रॅमच्या ४० टक्के ठेवलेला असतो, कारण मजकूर दाबून लहान करून लिहिला जातो.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मात्र एस-३ उरलेलीच नाही. तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आहे. त्यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या जागंच असतं, फक्त पडदा बंद करून कमीत कमी विजेवर पडून राहतं. आपल्या यंत्रात यातलं काय आहे, हे आधी पाहावं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आणि पुढे ‘/ए’ हा पर्याय लिहिला की उपलब्ध अवस्थांची यादी येते. ही यादी न पाहता केलेले उपाय पुष्कळदा भलत्याच रोगावर केलेले असतात.

झोपायची वेळ आली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला आवरतं घ्यायला सांगते आणि उत्तराची वाट पाहते. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसंच इथे होतं: एक ड्रायव्हर अडला की सगळे थांबतात. उठताना तर काम आणखी अवघड, कारण वीज गेल्यामुळे ग्राफिक्स कार्ड, वायफाय, यूएसबी ही उपकरणं आपली आधीची स्थिती विसरलेली असतात आणि ड्रायव्हरला ती पुन्हा उभी करावी लागते.

म्हणून पहिलं निरीक्षण डोळ्यांनीच करायचं. झाकण मिटल्यावर दिवा लुकलुकायला लागला का, पंखा थांबला का? पंखा फिरतच राहिला तर यंत्र झोपलंच नाही. ते झोपताना अडलं. नीट झोपलं, पण उघडल्यावर कंपनीच्या बोधचिन्हापासून सुरू झालं, तर झोपेत रॅमची वीज गेली किंवा रॅममधला मजकूर बिघडला. पंखा सुरू झाला, कॅप्स लॉकचा दिवाही बटणाला प्रतिसाद देतो आणि पडदा तेवढा काळा, तर उठणं झालं आहे, संशय ग्राफिक्सवर. बटणालाही प्रतिसाद नसेल, तर उठतानाच काहीतरी अडकलं.

याला जोडून एक तपासणी करावी, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. तेच यंत्र एकदा स्लीपमध्ये आणि एकदा हायबरनेटमध्ये घालून पाहायचं. हायबरनेट व्यवस्थित होतं आणि स्लीपच बिघडतं, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. संशय रॅम, बायोस आणि वीजपुरवठ्याकडे वळतो. उलट स्लीप ठीक आणि हायबरनेट बिघडत असेल, तर डिस्क, तिचा ड्रायव्हर किंवा ती हायबरनेटची फाईल तपासायची. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ केल्यावर ती फाईल पुसली जाते आणि ‘/एच ऑन’ने नवी तयार होते. खराब झालेल्या फाईलवर एवढ्यानेही भागतं. दोन्ही बिघडत असतील, तर दोन्हीकडे लागणारा एखादा ड्रायव्हर दोषी असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. टेबलावरचा संगणक झोपेत असताना वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर रॅममधलं सगळं जातं. भारनियमनाच्या गावात याला सहज ‘क्रॅश’ म्हटलं जातं, पण यंत्रात बिघाड नसतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हायब्रिड स्लीप’ असेल तर तो चालू ठेवावा. त्यात रॅमचा मजकूर आधी डिस्कवरही लिहिला जातो, त्यामुळे वीज गेली तरी काम परत मिळतं.

आता खुणांकडे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ या नोंदवहीत कर्नल-पॉवर नावाखाली ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे यंत्र झोपायला निघालं. १०७ म्हणजे झोपेतून परत आलं. मॉडर्न स्टँडबायसाठी हेच क्रमांक ५०६ आणि ५०७. जाण्याची नोंद आहे, परतल्याची नाही, आणि पुढे ४१ दिसतो, अशी साखळी सापडली की गोष्ट वेळेसकट समजते. ४१ला मात्र लोक कारण समजतात, तसं ते नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. त्याच्या तपशिलात बगचेककोड नावाचा आकडा पाहावा. तिथे शून्य असेल तर वीज गेली किंवा यंत्र इतकं गोठलं की काही लिहायला सवडच मिळाली नाही. १५९ असेल तर ती नामी खूण आहे. निळ्या पडद्यावर हाच आकडा सोळाच्या पायात ९एफ असा दिसतो आणि त्याचा अर्थ, एखादा ड्रायव्हर वीजस्थिती बदलताना अडला. विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंपमध्ये त्याची फाईल असते. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत साधनात ती उघडली, की पुष्कळदा त्या ड्रायव्हरचं नावच समोर येतं.

नाव मिळालं की उपाय नेमका होतो. नवीनतम ड्रायव्हर हाच चांगला, असं धरून चालू नये. लॅपटॉपच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला आधी घालून पाहावा, आणि त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागचा परत आणावा. नाव मिळालं नाही, तर बाहेरची सगळी उपकरणं काढून चाचणी घ्यावी आणि मग एकेक जोडत जावं. रॅमचा संशय असेल तर बायोसमध्ये वाढवलेला वेग मूळ पातळीवर आणून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. बायोसचं अपडेट पुष्कळ वेळा खरंच गुण देतं, पण चार्जर लावल्याशिवाय ते कधीच सुरू करू नये. आणि प्रत्येक चाचणीआधी ‘रिस्टार्ट’ निवडावं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि जुना दोष पुढच्या खेपेला तसाच उठतो.

लिनक्समध्ये या शोधासाठी फार देखणी साधनं आहेत. पीएम-टेस्ट ही सोय यंत्राला झोपेच्या ठरावीक पायरीपर्यंतच नेते, काही सेकंद थांबवते आणि परत आणते. आधी फक्त प्रोग्रॅम गोठवायचे, मग उपकरणं, मग पुढचं. ज्या पायरीवर यंत्र परतत नाही, तिथे दोष.

पण उठतानाच यंत्र गोठलं तर? पडदा मेलेला, डिस्क अजून जागी नाही, रॅममधलं रिस्टार्ट केल्यावर पुसलं जाणार. खूण लिहायची कुठे? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ साली यावर काढलेली युक्ती मला आजही थक्क करते. मदरबोर्डवरचं घड्याळ रिस्टार्टनंतरही चालू राहतं. पीएम-ट्रेस चालू केलं, की उठताना प्रत्येक टप्प्याची सांकेतिक खूण लिनक्स त्या घड्याळात, तारीख-वेळ म्हणून लिहीत जातं. यंत्र गोठलं की काही मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करायचं. तारीख भलतीच झालेली असते, पण त्या तारखेतून शेवटची पायरी उलगडते आणि कोणत्या उपकरणाशी खूण जुळते, ते नोंदींत वाचायला मिळतं. घड्याळ नंतर पुन्हा लावून घ्यायचं.

ज्यांच्याकडे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांनी मात्र हायबरनेट केलेल्या विंडोजच्या भागात लिनक्समधून काहीही लिहू नये. विंडोज उठतं ते डिस्क जशी सोडली तशीच आहे असं धरून, आणि त्यात फायली नासतात. फास्ट स्टार्टअपलाही हे लागू आहे. अशा यंत्रावर तो बंदच ठेवावा.

मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपला एस-३ परत देणं सहसा आपल्या हातात नसतं. तो बॅगेत तापत असेल तर ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’ने अहवाल काढावा, झोपेत कोणता घटक किती वेळ जागा होता, हे त्यात येतं. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटण्याची क्रिया दोन प्रकारे ठरवावी: चार्जरवर असताना स्लीप, बॅटरीवर असताना हायबरनेट. उठायला थोडा जास्त वेळ लागेल, पण प्रवासात यंत्र बॅगेत थंड राहील आणि काम डिस्कवर सुरक्षित असेल.